एकोणऐंशीवाले पुंडलिकनाना

आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते बाजूला ठेवतो. त्यांच्यानंतर या जगात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो पुंडलिकनाना सोनार यांचा.

या नानांना एक सवय होती. नव्या माणसाची ओळख झाली की नमस्कार करायच्या आधी ते त्याच्या मागे जात आणि त्याची पाठ बघत. मग पुढे येऊन नमस्कार करत. बँकेचे साहेब असोत, अकोल्याचे व्यापारी असोत, नाहीतर चहावाला असो. एकदा एका इन्स्पेक्टरची पाठ बघायला गेले तेव्हा तो इन्स्पेक्टरही वळला, त्यामुळे नाना पुन्हा मागे गेले, आणि दोघे एकमेकांभोवती असे तीन वेळा फिरले. शेवटी इन्स्पेक्टर भिंतीला टेकून उभा राहिला.

माझी नोकरी या सवयीमुळे लागली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बोदवडचा. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा प्रमाणपत्राला फ्रेम करून वडिलांनी ते भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं आणि खिळा नीट बसलाय ना हे महिनाभर रोज तपासलं. जळगावला एका शेठजींची डाळ मिल होती. मिलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते धान्यातला ओलावा मोजायची यंत्रं बनवायचे. तिथे मुलाखतीला मी बोदवडहून पॅसेंजरनं आलो. खाली उतरताना दाराच्या कडीत सदरा अडकला होता, पण मला ते कळलं नव्हतं.

शेडच्या दारात एक ठेंगणे गृहस्थ बसले होते. चष्म्याची एक दांडी सोल्डरच्या तारेनं बांधलेली. ते उठले, माझ्या मागे गेले आणि बराच वेळ पुढे आलेच नाहीत.

"पाठ उघडी शे, भाऊ," मागून आवाज आला. "खांद्यापासून कमरेपर्यंत."

मी हात मागे नेऊन चाचपलं. दुसरा सदरा बोदवडला.

"शेठजींसमोर पाठ करू नको," ते म्हणाले. "जाताना सरळ जा. येताना मागे मागे चालत ये. दाराशी मी शे."

मी तसंच केलं. प्रश्नांची उत्तरं दिली, हात जोडले आणि शेठजींकडे तोंड करून एक एक पाऊल मागे टाकत दारापर्यंत आलो. दाराशी नानांनी मला कोपराला धरून दाराआड घेतलं. शेठजींनी नंतर सगळ्यांना सांगितलं की आजकाल असे संस्कार बघायला मिळत नाहीत, पोरगा गादीला पाठ दाखवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

नाना पूर्वी धुळ्याला सोनाराच्या दुकानात बसत. चाळिशीत त्यांना रेडिओ दुरुस्तीचा नाद लागला आणि मग सोन्याचं काम सोडून ते जळगावला शेठजींकडे आले. हात मात्र सोनाराचेच राहिले. सोल्डर करायला ते 'डाख लावणे' म्हणत, आणि डाख असा लावत की जणू नथीत मोती बसवावा. संध्याकाळी टेबलावरचा कथलाचा चुरा मऊ ब्रशानं गोळा करून पिशवीत ठेवत, कारण सोनाराच्या दुकानातला केर कधी फेकत नाहीत. पिशवी दोन किलोच्या पुढे गेली होती. शेठजी विचारायचे, "नानाजी, याचं करायचं काय?" नाना म्हणायचे, "फेकायचं नाही, एवढंच."

पण या सगळ्याच्या वरचं वेड म्हणजे उणे. शेडचं काम नऊला सुरू व्हायचं, नाना 'उणे दहा'ला यायचे, म्हणजे नवाला दहा मिनिटं कमी असताना. चहात साखर 'उणे अर्धा चमचा'. नोकरीची किती वर्षं राहिली असं विचारलं की म्हणायचे, "उणे सहा," आणि दर वर्षी एकेका अंकानं शून्याकडे सरकायचे. एकदा ताप आला तेव्हा डॉक्टरांनी शंभर सांगितला. नाना म्हणाले, "शंभर कशापासून? शून्य कुठं धरलं ते सांगा." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे वेड समजायला थोडी विजेची गोष्ट सांगावी लागेल. घाबरू नका. मीही घाबरलो होतो, आणि माझ्याकडे तर पदवी होती.

आमच्या यंत्रात एक चिप असायची. तिला दोन बाजूंनी वीज लागायची. शून्याच्या वर पाच व्होल्ट आणि शून्याच्या खाली पाच व्होल्ट. सेल ताजा असो की उतरलेला, हे पाच म्हणजे पाचच राहिले पाहिजेत. ते राखायचं काम तीन पायांचा एक काळा तुकडा करतो. त्याला रेग्युलेटर म्हणतात. पंख्याचा नव्हे. मी रेग्युलेटरचं काम करतो हे गावात कळल्यावर तीन जणांनी मला पंखे आणून दिले होते. वरचे पाच राखतो त्याच्या अंगावर ७८०५ असा आकडा असतो, खालचे पाच राखतो त्याच्या अंगावर ७९०५. नाना त्यांना अठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशी म्हणत.

"नावातच बघ ना," ते मला म्हणाले. "एकोणऐंशी म्हणजे काय? ऐंशीला एक उणा. इंग्रजीत नाही सापडायचं हे. ज्यानं मराठी आकडे केले त्याला बठ्ठं, सगळं माहीत होतं."

मी म्हटलं, "नाना, हा योगायोग आहे."

"तू ग्रॅज्युएट शे," नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात याचा अर्थ 'तुला अजून कळायचं आहे' असा होता. तेव्हापासून माझं नावच ग्रॅज्युएट पडलं.

मला कळायचं होतं हे खरंच. पहिल्याच महिन्यात मी स्वतःच्या हातानं पहिलं यंत्र बांधलं. अठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशी दिसायला जुळ्या भावांसारखे. तीच काळी छाती, मागे तीच धातूची पाठ. मी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि दोघांच्या पाठी एकाच पत्र्याला स्क्रूनं आवळल्या, कारण पत्रा त्यांची उष्णता घेतो. शेठजी मुद्दाम बघायला आले होते. मी बटण दाबलं. यंत्रातून आधी वास आला, मग धूर, आणि मग शेठजींचा आवाज.

"क्या है ये?"

"ओलावा जातोय, शेठजी," नाना शांतपणे म्हणाले. "नवीन पत्रा आहे. एकदा सुकवून घ्यावा लागतो."

शेठजी गेल्यावर नानांनी मला बसवलं. अठ्ठ्याहत्तरची पाठ शून्याला जोडलेली असते, म्हणून ती कुठेही टेकवली तरी चालते. एकोणऐंशीची पाठ मात्र आत येणाऱ्या विजेला जोडलेली. ती उघडी टेकवली की सगळा सेल तिथेच रिकामा होतो. तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये अभ्रकाचा पापुद्रा घालावा लागतो, म्हणजे उष्णता पलीकडे जाते आणि वीज अलीकडे राहते. पायांचा क्रमही दोघांचा वेगळा. हे पुस्तकात होतं. मी त्या प्रकरणाला खूणही केली होती. अठ्ठ्याहत्तरचं पान वाचून झालं आणि एकोणऐंशीचं तसंच असेल म्हणून सोडलं.

"सगळे तेच करतात," नाना म्हणाले आणि मग त्यांची अहिराणी सुटली. "बठ्ठा अधिकना मांगे पळतस. उण्याले कोन इचारस? उण्यानी पाठ राख, ग्रॅज्युएट."

खिशातून त्यांनी अभ्रक काढला. जुन्या इस्त्रीतून काढलेले अभ्रकाचे पापुद्रे ते कायम वरच्या खिशात ठेवत, लोक पान ठेवतात तसे. त्यातला एक कात्रीनं एकोणऐंशीच्या पाठीच्या मापाचा कापला आणि माझ्या हातावर ठेवला. माणसांच्या पाठी ते का बघतात, हे मला त्या दिवशी कळलं असं वाटलं. अर्धंच कळलं होतं.

नानांचा आठवडा शनिवारी संपायचा नाही, शनिवारी सुरू व्हायचा. ते जळगावातच मेहरूणला एका खोलीत एकटे राहत. दर शनिवारी दुपारी चारच्या एस.टी.नं ते धुळ्याला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. पिशवीत एक जोड कपडे आणि सहा पेन्सिल सेल. हे सेल त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, कानाच्या मशीनसाठी असत.

अक्का धुळ्यालाच राहत. बायकांच्या गळ्यातल्या पोती ओवून द्यायचा त्यांचा जुना धंदा होता. काळे मणी आणि सोन्याचे मणी, प्रत्येक घराण्याचा क्रम वेगळा आणि तो त्यांना तोंडपाठ. नानांनी दुकान सोडलं तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "सोनं टाकीसन कथील धरं," आणि जळगावला आल्या नाहीत. भांडण झालं नव्हतं. भांडायला एकमेकांचं ऐकू यावं लागतं, आणि अक्कांचे कान तेव्हा जवळजवळ गेले होते. नानांनी मग स्वतःच मशीन बनवलं. पत्र्याचा डबा, चहाच्या मोठ्या पुड्याएवढा, त्याला लांब वायर आणि कानात घालायचं बटण. अक्का एकाच जागी बसून काम करत, त्यामुळे डबा शेजारी ठेवला की झालं. पहिल्यांदा मशीन सुरू करून नाना जवळ जाऊन म्हणाले, "ऐकू येस का?" अक्का म्हणाल्या, "वरडू नका." ही हकिगत नाना वर्षातून चार वेळा सांगत, आणि 'वरडू नका' म्हणताना त्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा होई.

मशीनमध्येही उणे पाच आणि अधिक पाच होतेच. अधिकच्या बाजूला कमी वीज पिणारा नवा रेग्युलेटर मिळाला होता, त्यामुळे त्या बाजूचे सेल महिनोन्‌महिने चालत. उण्याच्या बाजूला तसा कोणी बनवतच नव्हतं. तिथे आपला जुना एकोणऐंशी, अभ्रकासकट. तो मशीनला जेवढी वीज द्यायचा त्याहून जास्त स्वतः प्यायचा. सहा सेल सात दिवसांत रिकामे. आणि ते बदलायला नानाच लागत.

"अक्कांना नाही का बदलता येत?" मी विचारलं होतं.

"तिला अधिक-उणं कळत नाही," नाना म्हणाले. "उलटे घालेल आणि बसेल."

म्हणून शनिवारची चारची गाडी. एकदा शेठजींनी सांगितलं, अकोल्याची मोठी पार्टी रविवारी यंत्रं बघायला येणार आहे, नाना इथे पाहिजेत. नाना म्हणाले, "शेठजी, मी नाही गेलो तर रविवारी सकाळी धुळ्यात एक बाई बहिरी होते." शेठजी ड्रायव्हरला बोलावून म्हणाले, "नानाजींना स्टँडवर सोड."

माझ्या कृतज्ञतेला तेव्हा काही काम नव्हतं. पगाराचे पेढे देऊन झाले होते. नानांसाठी काहीतरी करावं असं फार वाटे. असल्या वाटण्यातून माणूस काय करून बसतो ते पुढे येतंच.

एका परदेशी कंपनीच्या जाहिरातीत मला उण्याचा रेग्युलेटर दिसला. आठ पायांचा, आणि स्वतः जवळजवळ काहीच न पिणारा. शेठजींच्या लेटरहेडवर त्यांच्या मुंबईच्या कचेरीला पत्र टाकलं, दोन नमुने पाठवावेत. एक महिन्यानं दोन नमुने आले. मी दोन दिवस गणित केलं. त्याला सहा सेलही लागत नव्हते, चार पुरत. आणि हे चार सेल चालणार होते आठ महिने.

नानांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तो आठ पायांचा तुकडा सोनाराच्या भिंगातून बघत राहिले.

"आठ महिने?"

"कमीत कमी, नाना."

"एवढं कमी पितो?"

"पितच नाही म्हणा ना."

"हं," नाना म्हणाले. मला वाटलं, आनंदानं शब्द सुचत नाहीत.

त्या शनिवारी मीही धुळ्याला गेलो. अक्का ओट्यावर पोत ओवत होत्या. नानांना बघून त्यांनी फक्त विचारलं, "सेल लयनात का?" नानांनी पिशवी दाखवली. मला म्हणाल्या, "बठ भाऊ. च्या ले." मी डबा उघडला, जुना एकोणऐंशी काढला, नवा बसवला. नाना भाजी आणायला कोपऱ्यावर गेले होते. मी चार सेल घालत होतो तेवढ्यात अक्का मण्यांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "भाऊ, तिसरा उलटा शे. टोपी इकडे नही, तिकडे."

मी बघितलं. खरंच उलटा होता. मी सरळ केला, मशीन सुरू झालं, आवाज घंटेसारखा स्वच्छ. तेवढ्यात नाना आले आणि मी त्यांना आठ महिन्यांचं गणित पुन्हा एकदा अक्कांसमोर समजावून सांगितलं. दोघांनी नीट ऐकून घेतलं. मग अक्का पुन्हा मणी ओवायला लागल्या.

पुढचा शनिवार आला. साडेतीनला नानांनी सवयीनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन खिळ्याला अडकवली.

"जाणार नाही, नाना?"

"जाऊन काय करू? सेल चालू शेत ना?"

"चालू म्हणजे काय, नाना. आठ महिने बघायला नको. आता आराम."

"हां," नाना म्हणाले. "आराम शे."

त्या दिवशी त्यांनी पास झालेली अकरा यंत्रं पुन्हा तपासली. टेबल दोनदा झाडलं. दुसऱ्या शनिवारीही तसंच. सोमवारी ते पहिल्यांदाच नवाच्या ठोक्याला आले, उणे दहाला नाही. मी अभिमानानं शेठजींना सांगितलं की नानांची धावपळ मी थांबवली. शेठजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पूछा था उनको?"

विचारायचं काय, हेच मला कळलं नाही.

तिसऱ्या शनिवारी सकाळी नानांच्या नावानं पोस्टकार्ड आलं. वर पत्ता, खाली दोनच वाक्यं: "मशीन बंद शे. सेल लई या."

नानांनी ते पाच वेळा वाचलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे तुझे आठ महिने. एक महिना नाही झाला." त्यांना माझ्यावर रागवायचं होतं, पण चेहरा ऐकत नव्हता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो नीट जागेवर आला होता.

मी मात्र गणिताची वही काढली. गणित चुकलं की डाख कच्चा राहिला? अक्कांचं ऐकणं माझ्या हौसेपायी गेलं. मी शेठजींना विचारून मीटर घेतला आणि दुपारी नानांबरोबर गाडीत बसलो. एरंडोल, पारोळा, सगळ्या रस्त्याभर मी कागदावर आकडे मांडत होतो आणि नाना खिडकीबाहेर बघत होते. एकदा ते गुणगुणलेही.

अक्का ओट्यावरच होत्या. कानात बटण नव्हतं, ते डब्यावर गुंडाळून ठेवलेलं. मी डबा मांडीवर घेऊन उघडला. उण्याच्या बाजूचे सेल एकेक करून मोजले. चारही ताजे. पण चारांचे मिळून यायला हवे होते उणे सहा, आणि मीटर दाखवत होता उणे तीन. मी पुन्हा बघितलं. तिसऱ्या सेलची टोपी नको तिकडे होती.

"नाना, हा तर..." मी बोलायला लागलो आणि नानांनी माझ्या पायावर पाय दिला.

अक्का खाली बघून काळे मणी मोजत होत्या. एक, दोन, तीन, मग सोन्याचा एक. अजिबात चुकत नव्हत्या.

नाना त्यांच्यासमोर जाऊन ओठ दिसतील असे सावकाश म्हणाले, "सेल गयात."

"मंग बदला," अक्का म्हणाल्या. मण्यांत सुई घातली आणि पुढे म्हणाल्या, "सावकाश बदला."

मी रात्रीच्या गाडीनं परतणार होतो. नाना स्टँडपर्यंत आले. फलाटावर उभं असताना मला राहवलं नाही.

"नाना, अक्कांना टोपी कळते. मागच्या वेळी मीच उलटा घातला होता, त्यांनीच सांगितलं."

नाना चष्म्याची बांधलेली दांडी चाचपत राहिले.

"माले माहीत शे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या सेलपासून. जी बाई हजार मणी क्रमानं ओवते तिला सहा सेल काय जड शेत?"

"मग तुम्ही सगळ्यांना सांगत होता की..."

"तेरा वर्षं झाली. ती कधी 'या' म्हणाली नाही. मी कधी 'येतो' म्हणालो नाही." गाडी लागत होती. नाना सवयीनं माझ्या मागे गेले, माझी पाठ बघितली, सदऱ्याची सुरकुती हातानं सरळ केली. "सेल उतरायचे म्हणून बरं चाललं होतं. जा. जागा धर."

सोमवारी नाना उणे दहाला हजर होते. माझ्या टेबलावर त्यांनी सोनार दागिना देतात तशी गुलाबी कागदाची पुडी ठेवली. आत तो आठ पायांचा तुकडा होता. त्यांनी घरी बसून पुन्हा जुना एकोणऐंशी बसवला होता.

"चांगला शे," नाना म्हणाले. "पण फार प्रामाणिक शे. आमच्या घरात नाही चालायचा."

पुढे मला पुण्याला मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली. निघताना नानांना वाकून नमस्कार केला आणि सरळ होऊन, त्यांच्याकडे तोंड करून, दारापर्यंत मागे मागे चालत गेलो. नाना खूप हसले. जे बोलायचं राहिलं ते काही वर्षांनी पत्रानं कळवलं. त्याची मी नक्कल ठेवली आहे, ती अशी:

तीर्थस्वरूप पुंडलिकनाना यांस,

सविनय नमस्कार.

शेठजींच्या पत्रावरून कळलं की तुमचं उणे सहा शून्यावर आलं आणि तुम्ही मेहरूणची खोली सोडून कायमचे धुळ्याला गेलात. कथलाच्या चुऱ्याची पिशवी तुम्ही त्यांच्या गादीवर ठेवून गेलात, ती अजून तिथेच आहे. फेकायची नाही एवढं त्यांना कळलं आहे.

सोबत गुलाबी पुडी पाठवत आहे. पुडी तीच आणि आतला तोही तोच. आता तुम्ही आठवड्याचे सातही दिवस घरीच आहात, तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाची कोणाला अडचण होऊ नये. बसवून बघा. आठ महिन्यांचं गणित मी पुन्हा तपासलं, ते बरोबर आहे. तेव्हाही बरोबरच होतं. मी तुमच्या सर्किटात फक्त सेल आणि डबा धरला, बाकीचे दोन भाग मोजायचे राहिले. एकोणऐंशीचं पान न वाचता पुढे जायची माझी जुनी खोड.

इथे नवीन कोणी कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्याला अभ्रकाचा एक पापुद्रा देतो. लोक मला थोडा विचित्र समजतात. मुलाखतीच्या दिवशी मी मागे मागे का चाललो, ते शेठजींना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

वडील रेल्वेतून निवृत्त होऊन बोदवडलाच आहेत. आईला जाऊन आता वर्ष होईल. ते मला कधी ये म्हणत नाहीत, आणि कामाचं निमित्त नसलं तर मीही जात नाही. गेल्या महिन्यात त्यांना ट्रान्झिस्टर नेऊन दिला. त्यात माझ्या टेबलावरचे अर्धे उतरलेले सेल घातले. महिनाभरात बंद पडेल, मग येऊन बदलून देईन, असं सांगितलं. ते म्हणाले, अरे सेल तर स्टेशनबाहेरच मिळतात, तेवढ्यासाठी पुण्याहून कशाला येतोस. मी म्हटलं, तिथले घेऊ नका, ते उलटे असतात.

बाबांनी ट्रान्झिस्टरचं झाकण बंद केलं. मग म्हणाले, असतील.

अक्कांना नमस्कार.

आपला,
ग्रॅज्युएट